करमाफीवाल्याचा कागद

माझ्या इंग्रजीबद्दल आमच्या नात्यात जरा अवास्तव समजूत होती. वडील रेल्वेत कारकून असल्यामुळे मी जळगावहून रोज गाडीने भुसावळला जाऊन तिथल्या एका इंग्रजी शाळेत शिकले. घरात ती भाषा वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. वडिलांना कचेरीपुरती येई, पण घरी आल्यावर ते तिला हात लावत नसत. त्यामुळे औषधाच्या बाटलीवरचं लेबल, विम्याचा कागद, कुणाच्या मुलाला आलेलं मुलाखतीचं पत्र, सगळं माझ्यापुढे येई. मी वाचून दाखवलं की सगळे माझ्याकडे असे बघत, जणू त्यात लिहिलेलं मीच मंजूर केलं आहे. मला चार माणसांत बोलायचा संकोच होता. वाचताना मात्र शब्द दुसऱ्याचे असत, म्हणून बरं वाटे.

शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मी घरी बसले होते. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, नुकतीच होऊन गेली होती. धुळ्याहून आत्याचा निरोप आला, सरकारी कागद आलाय, इंग्रजीत आहे, पोरीला पाठव. दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला एसटीत बसवून दिलं. एरंडोल, पारोळा करत गाडी धुळ्याला पोचली तेव्हा ऊन इतकं होतं की स्टँडवरच्या टांग्यांची घोडीसुद्धा मान खाली घालून उभी होती.

आत्याचं पितळी भांड्यांचं दुकान आग्रा रोडला लागून एका गल्लीत होतं. धुळ्याच्या त्या भागातल्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. पण मी नंबर सांगितला तर टांगेवाला म्हणाला, "भांडेवाली अक्का का? मग तसं सांगा ना." सगळा बाजार तिला अक्का म्हणे. आत्याचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती आणि त्यांच्या माघारी दुकान तिनेच चालवलं होतं. एकुलती मुलगी साक्रीला दिलेली. आत्या दिवसभर तराजूपाशी बसे, मागे उतरंडीने लावलेले हंडे, पराती, घंगाळी. मला तिने एक पाट दिला, तो तिच्या उजव्या हाताला, जरा मागे. तिथून मला सगळं दिसे आणि मी फारशी कुणाला दिसत नसे.

त्या दुकानात रोख देऊन भांडं नेणारं गिऱ्हाईक थोडं. खेड्यावरची माणसं घरात लग्न निघालं की फुटकी, चेपलेली जुनी भांडी पोत्यात भरून आणत. त्या जुन्या भांड्यांना बाजारात मोड म्हणतात. आत्या एकेक भांडं उजेडात फिरवी, बोटाच्या पेराने वाजवून कानाशी धरी, वजन वाढावं म्हणून बुडाला लाख चिकटवली आहे का हे नखाने खरवडून बघे आणि मग तोली. जुन्याची थोडी तूट कापून तेवढ्याच वजनाचं नवं भांडं ती देई. पैसे घ्यायचे ते फक्त घडणावळीचे.

मी गेले त्या दिवशी पिंपळनेरकडचा एक म्हातारा तिच्या तराजूकडे टक लावून बसला होता.

"अक्का, तुना तराजू तुनामायकच शे," तो म्हणाला, म्हणजे तुझा तराजू तुझ्यासारखाच आहे. "कधी हासत नही."

"हासना तर झुकी जाई," आत्या म्हणाली आणि काट्यावरची नजर हलवली नाही.

रात्रीची जेवणं व्हायच्या आधी तिने तो सरकारी कागद माझ्या हातात दिला. तो विक्रीकराच्या कचेरीचा होता. मी तो दोनदा मनात वाचला, मग मराठीत सांगितला. आत्याने तीन वर्षं फक्त घडणावळीचा पैसा विक्री म्हणून दाखवला होता आणि तेवढ्यावर कर भरला होता. कचेरीचं म्हणणं, नव्या भांड्याची पूर्ण किंमत ही विक्री. तीन वर्षांचा फरक आणि वर दंड एका महिन्यात भरायचा, नाही तर दुकानातला माल जप्त होऊन दुकानाला सील लागेल.

"मी विकलं कुठं?" आत्या म्हणाली. "त्यांचंच पितळ मी त्यांना परत दिलं. फक्त आकार बदलून दिला."

तिची समजूत मला चुकीची वाटत नव्हती. त्या गल्लीतल्या सगळ्या भांडेवाल्यांची तीच समजूत असणार, कारण मोडीच्या व्यवहाराला तिथे कुणी विक्री म्हणतच नसे. म्हणत, बदलून दिलं. आत्याला हिशेब लिहून देणारे एक म्हातारे लेखनिक होते, तेही तसंच धरून चालत, आणि ते आदल्या वर्षी वारले होते.

मागितलेली रक्कम आत्याकडे एकदम नव्हती. लग्नाचा महिना तोंडावर होता. वर्षाची निम्मी कमाई त्या एका महिन्यात व्हायची, तेवढ्यावर पावसाळा निघायचा. त्याच महिन्यात दाराला सील लागलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या गल्लीत जाणार आणि पुढच्या वर्षीही तिकडेच जाणार. हे तिने मला एकदाच सांगितलं, पीठ मळता मळता, आणि मग विषय बदलला.

चौथ्या दिवशी दुसरं पत्र आलं. तेही इंग्रजीत. वर मोठ्या अक्षरांत विक्रीकर सवलत विभाग असं छापलेलं, बाजूला एक चक्र. मजकूर असा होता की आपल्या नावावर थकलेला कर असल्याचं आमच्या दप्तरी दिसतं, आपण नव्या सवलतीस पात्र आहात, अर्ध्याहून अधिक रक्कम माफ होऊ शकते, मात्र ही संधी थोड्या दिवसांचीच आहे. आमचा प्रतिनिधी आपल्या गावी येत आहे. पत्ता मुंबईचा होता.

वडिलांची कचेरीची पत्रं मी लहानपणापासून बघत आले होते. सरकारी पत्राला जावक क्रमांक असतो, तो इथे नव्हता. पाकिटावर सरकारी टपालाचं तिकीट असतं, इथे साधं दोन आण्यांचं होतं. सही शाईची नव्हती, छापलेली होती. हे सगळं मला पहिल्या मिनिटात दिसलं. मी आत्याला पत्राचा मजकूर सांगितला. हे मात्र सांगितलं नाही. मनात म्हटलं, मला काय कळतं, मुंबईच्या कचेऱ्यांची रीत वेगळी असेल. शिवाय अर्धा कर माफ हे ऐकताच तिचा चेहरा मी आल्यापासून पहिल्यांदा सैल झाला होता.

प्रतिनिधी त्याच आठवड्यात आला. पन्नाशीचे गृहस्थ, फिकट रंगाचा कोट, डोक्याला काळी टोपी, हातात कातडी पिशवी. त्यांनी पायरीशी बूट काढले. आधी कामाचं बोललेच नाहीत. एक तांब्या हातात घेतला, वाजवून बघितला, किंमत विचारली आणि घासाघीस न करता दिली. माझ्या लक्षात आलं की आत्या त्यांच्याकडे नीट बघते आहे. तिच्या दुकानात घासाघीस न करणारा माणूस वर्षाकाठी एखादा येई.

"अक्कासाहेब," ते बसल्यावर म्हणाले, "तुमच्यासारख्या बाईमाणसाला या कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला लावणं मला बरं वाटत नाही. तुम्ही दुकान सांभाळा. कचेरी आम्ही सांभाळतो."

"माफी नक्की होईल ना?"

"आमच्याकडे आलेला माणूस आजवर नाराज होऊन गेलेला नाही."

शेजारच्या दुकानातले नाना तेवढ्यात येऊन पायरीवर उभे राहिले होते. ते कंदील आणि स्टोव्ह विकत. त्यांनी या गृहस्थांना नमस्कार केला. "माझंही काम यांच्याकडेच दिलंय, अक्का," ते म्हणाले. "तुम्ही बिनघोर राहा."

गृहस्थांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. दोन्ही बाजूंनी बारीक इंग्रजी. आत्याने तो घेतला नाही, माझ्याकडे करायला सांगितला. "पोरगी वाचेल. इंग्रजी शाळेतली आहे."

"अरे वा," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. "कुठली शाळा, ताईसाहेब?"

मी सांगितली. त्यांनी मान डोलावली, जणू त्या शाळेशी त्यांची जुनी ओळख होती.

कागदावर सात कलमं होती. पहिलं आत्याच्या नावागावाचं, दुसरं फीचं, निम्मी आता आणि निम्मी काम सुरू झाल्यावर. ती दोन मी मराठीत सांगितली. तिसऱ्याशी मी थबकले, कारण वाक्य लांबलचक होतं आणि त्याचा अर्थ मला आवडला नव्हता.

"पुढची सगळी नेहमीचीच कलमं आहेत, ताईसाहेब," ते हसून म्हणाले. "तुम्ही तिथे शिकलेल्या. तुमच्या नजरेखालून असले कागद गेलेच असतील."

असला कागद माझ्या नजरेखालून जन्मात गेला नव्हता. पण सगळे माझ्याकडे बघत होते. चहा आला होता. पाहुण्याच्या तोंडावर त्याचा कागद वाईट आहे असं म्हणायला जे लागतं ते माझ्यात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला माहीतगार समजलं गेलं हे आवडलंही होतं.

"हो," मी म्हणाले. "नेहमीचंच आहे."

आत्याने सही केली. ती सही करताना जीभ किंचित बाहेर काढी, लहान मुलीसारखी. मग तिने गल्ल्यातून निम्मी फी काढून दिली. कराचा पहिला हप्ता म्हणून तिने जे बाजूला ठेवलं होतं, त्यातलंच ते होतं. कागदाची एक प्रत आमच्याकडे राहिली. गृहस्थ जाताना म्हणाले की मुदत संपायच्या आधी ते पुन्हा येतील, तोवर कचेरीकडे मुळीच फिरकू नका, गेलात तर आमचं काम बिघडेल.

ती प्रत मी रोज दुपारी उघडून वाचत असे. रोज वाचून ती काही बदलत नव्हती.

दहा-बारा दिवसांनी वडिलांना पत्र टाकायला मी टपालकचेरीत गेले. परतताना विक्रीकराच्या कचेरीवरून रस्ता होता. बाहेर एक फळा होता आणि त्यावर जाळीच्या आत कागद टाचलेले. मी सहज थांबले. थकबाकीदारांची यादी होती ती. आत्याचं नाव, दुकानाचा पत्ता, सगळं टंकलेलं. त्याच्या वर-खाली बाजारातली ओळखीची नावं, नानांचंही. आमच्या दप्तरी दिसतं, असं त्या पत्रात म्हटलं होतं. त्यांचं दप्तर हे असं रस्त्यावर टांगलेलं होतं. कुणीही येऊन उतरवून घ्यावं.

मी आत गेले. का गेले ते आजही नीट सांगता येत नाही. बहुधा तिथे मला कुणी ओळखत नव्हतं म्हणून. अनोळखी माणसाशी बोलणं मला ओळखीच्यापेक्षा सोपं जातं.

जाडसर चष्मा लावलेले एक कारकून टेबलाशी बसले होते. ते मुंबईचं पत्र हल्ली माझ्या पिशवीतच असे, ते मी त्यांच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "हा विभाग कुठे बसतो?"

त्यांनी पत्र वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजूही बघितली. "आमच्याकडे तरी बसत नाही. आमच्याकडे खुर्च्याच चार आहेत."

"म्हणजे हे खरंच सरकारी नाही?"

"बाई, सरकारी पत्र इतकं गोड असतं का?"

मला हसू यायला हवं होतं. ते माझ्या चेहऱ्याकडे बघून जरा खालच्या आवाजात म्हणाले, "पैसे दिले?"

"निम्मे."

"हं. असे सहा-सात जण येऊन गेले. सगळे मुदत संपल्यावर आले. तुम्ही आधी आलात." त्यांनी यादीत आत्याचं नाव शोधलं. "सहा दिवस आहेत. हे बघा, हप्ते मागायला, हिशेब पुन्हा बघा म्हणायला फी लागत नाही. साधा अर्ज लागतो. मराठीत चालतो. भांड्यांचं दुकान आहे ना? बदलीच्या मालाची वजनं कुठे लिहून ठेवली आहेत?"

"आत्याकडे वही आहे."

"मग ती घेऊन त्यांना स्वतःला येऊ द्या. साहेब ऐकून घेतात. वही दुसऱ्याच्या हाती देऊ नका."

मी घरी आले आणि आत्याला सगळं सांगितलं, फळ्यापासून खुर्च्यांपर्यंत. मला वाटलं होतं ती लगेच वही काढेल. ती तराजूची पारडी चिंचेने घासत होती, घासतच राहिली.

"मी सही केली," ती म्हणाली. "पैसे दिले. आता कचेरीत कशी जाऊ?"

"पण तो माणूस फसवतोय."

"फसवत असेल. मोड ठेचली की परत नाही."

हे समजायला तिच्या दुकानात बसायला हवं. जुनं भांडं तोलून झालं, भाव ठरला, की आत्या ते गिऱ्हाइकाच्या समोर ऐरणीवर ठेवून हातोड्याचा एक ठोका घाली. भांडं चेपलं की सौदा पक्का. मग गिऱ्हाइकाला आजीची आठवण म्हणून हंडा परत हवा म्हणता येत नसे आणि दुकानदारालाही भाव जास्त लागला म्हणता येत नसे. त्यासाठी कागद नसे, साक्षीदार नसे. बारा वर्षांत तिने एकही ठोका मागे घेतला नव्हता, म्हणून तर पिंपळनेरचा माणूस वाटेतली चार दुकानं सोडून तिच्याकडे येई. तिच्या हिशेबी सही म्हणजे तो ठोका होता. समोरचा माणूस कसा आहे हा प्रश्न ठोक्याच्या आधी विचारायचा.

मी पाटावर बसून राहिले. माझ्यापाशी अजून एक गोष्ट होती आणि ती सांगितल्याशिवाय हे पुढे सरकणार नाही हे मला दिसत होतं.

"आत्या, मी कागद पुरता सांगितला नव्हता."

तिचा हात थांबला.

"पाच कलमं मी सांगितलीच नाहीत. त्यात लिहिलंय की माफी मिळेलच असं ते कबूल करत नाहीत. फी कधीच परत मिळणार नाही. आणि तू कचेरीशी बोलायचं नाहीस, सगळे मूळ कागद त्यांना द्यायचे. मी वाचलं होतं. मला कळलं होतं."

"तू तर म्हणालीस नेहमीचंच आहे."

"हो."

"का म्हणालीस?"

"ते समोर बसले होते."

आत्याने चिंच बाजूला ठेवली. गल्लीतून बर्फगोळ्याची गाडी घंटी वाजवत गेली. मग ती हिशेब विचारावा तशा आवाजात म्हणाली, "म्हणजे मी जे ऐकून सही केली आणि कागदात जे होतं, ते एक नव्हतं."

"नव्हतं."

"मग तोल खोटा झाला." तिने पारडं पुसून साखळीला अडकवलं. "खोट्या तोलावर ठेचलेली मोड परत करावी लागते. तुझ्या आतोबांनी एकदा केली होती. वजनाचा दगड झिजलेला निघाला, तर गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन नवं भांडं देऊन आले होते."

खोटा तोल करणारी कोण हे ती बोलली नाही. रागावलीही नाही. त्या संध्याकाळी फक्त तिने मला काही वाचायला दिलं नाही. डाळ निवडायला दिली.

आधी सौदा त्या माणसाच्या तोंडावर मोडायचा, मग कचेरीत जायचं, असं आत्याने ठरवलं होतं. चौथ्या दिवशी ते गृहस्थ आले. तोच कोट, तेच पायरीशी बूट काढणं. दुकानात एक शेतकरी नवराबायको हंडा घेऊन बसली होती.

"अक्कासाहेब, काम अगदी काठावर आलंय," ते म्हणाले. "उरलेली फी द्या, कचेरीची मूळ नोटीस द्या आणि वजनाची काही वही असली तर तीही. आजच गाडीने मुंबईला जातो."

"बसा," आत्या म्हणाली. "पोरगी तुमचा कागद वाचणार आहे."

"तो तर मागेच वाचला ताईसाहेबांनी."

"तेव्हा घाई झाली. आता सावकाश."

मी पाटावरून उठले. बसून वाचलं तर आवाज निघणार नाही असं मला वाटलं. कागद तराजूच्या खांबाला टेकवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक कलम वाचायचं, मग मराठीत सांगायचं. तिसऱ्यापर्यंत, मूळ कागद त्यांच्या हाती द्यायच्या कलमापर्यंत, ते हसत होते.

"ही कायद्याची भाषा असते, अक्कासाहेब. ती अशीच असते."

"कायद्याचीच ऐकतेय मी. वाच माय, पुढे."

चौथं, फी कोणत्याही कारणाने परत केली जाणार नाही. पाचवं, माफी मिळण्याची हमी नाही. सहावं, कचेरीशी परस्पर बोलायचं नाही. सातवं, ही खाजगी पेढी असून तिचा कोणत्याही सरकारी खात्याशी संबंध नाही. हे सर्वांत बारीक अक्षरांत होतं. ते वाचताना माझा आवाज कसा कोण जाणे मोठा झाला. नाना त्यांच्या दुकानातून येऊन पायरीवर उभे राहिले होते.

हंडेवाल्या शेतकऱ्याने सगळं लक्ष देऊन ऐकलं होतं. त्याने बायकोकडे बघितलं आणि मग गृहस्थांना अगदी साधेपणाने विचारलं, "मंग पैसा कसाना लेतस?"

त्यांनी पिशवी बंद केली.

"दिलेले पैसे परत करा," आत्या म्हणाली. "आमचा तोल चुकला होता."

"चौथं कलम, अक्कासाहेब," ते म्हणाले. आवाज अजूनही नम्रच होता. बूट घालून ते आग्रा रोडच्या दिशेने गेले. त्यांना अडवायला कुणी उठलं नाही.

नाना तसेच उभे होते. मग म्हणाले, "मी हिवाळ्यात दिले होते. सगळे. पुढे कचेरीने दंडासकट निम्मं वसूल केलं, बायकोची पाटली गेली, निम्मं अजून अंगावर आहे."

"मग त्या दिवशी मला बिनघोर राहा म्हणालात ते?" आत्याने विचारलं.

"म्हटलं, दोघं असलो तर कदाचित ते खरोखर काम करतील." ते एवढंच बोलले आणि आपल्या कंदिलांत जाऊन बसले. आत्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं नाही. पण नंतर कधी त्यांचा सल्लाही विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या ठेवणीतलं लुगडं नेसली. वही तिने फडक्यात बांधून काखेत धरली होती. अर्ज मी लिहिला होता. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी अक्षर वाकडंतिकडं होतं आणि दोन ठिकाणी चष्मेवाल्या कारकुनांनी पेन्सिलीने दुरुस्ती केली. मग त्यांनी आम्हाला आत सोडलं.

साहेब कानडी मुलखातले होते. मराठी त्यांना समजे, बोलत मात्र सावकाश. त्यांनी वही उघडली, पानं उलटली आणि गोंधळून वर बघितलं. आत्याला लिहिता जेमतेम येई. तिने यजमानांनी शिकवलेल्या खुणा वापरल्या होत्या. गोल म्हणजे परात, मान असलेला गोल म्हणजे हंडा, दोन कान म्हणजे घंगाळ. पुढे आडव्या-उभ्या रेघांत वजनं आणि घडणावळ. डावीकडे आलेली मोड, उजवीकडे गेलेलं भांडं. तिच्याशिवाय ती वही जगात कुणाला वाचता येत नव्हती.

"हे कोण वाचणार?" साहेबांनी विचारलं.

"मी वाचते," आत्या म्हणाली. "ही लिहील."

साहेबांनी मला कोरे कागद दिले, इंग्रजीत यादी करायला सांगितली. आत्या टेबलाच्या कडेला उभी राहून वाचू लागली आणि मी लिहू लागले. हंडा एक, मोड इतकी, तूट इतकी, घडणावळ इतकी. तिला खुर्ची दिली होती, पण ती बसली नाही. तासभर झाला. मधेच एका पानावर उजवीकडे भांडं होतं आणि डावीकडची जागा कोरी होती.

"परात एक," आत्याने वाचलं. "मोड नाही. रोख."

मी लेखणी थांबवली. ही खरोखरची विक्री होती आणि ती कधी दाखवली गेली नव्हती. पुढच्या पानांवर तशा आणखी थोड्या होत्या, मला दुरूनच दिसत होत्या. साहेब खिडकीपाशी दुसऱ्या कुणाशी बोलत होते. खुणा फक्त तिला कळत होत्या. मी तिच्याकडे बघितलं.

"ते पण लिही," ती म्हणाली.

"आत्या, हे..."

"सगळं लिही. एकदा अर्धं वाचून झालंय."

मी लिहिलं. दुपारपर्यंत तीन वर्षांची वही संपली. साहेबांनी यादी घेतली, रोखीच्या नोंदींखाली लाल पेन्सिलीने रेघा मारल्या आणि त्या मोजल्या. त्या फार नव्हत्या. मग त्यांनी आत्याला विचारलं, "हे तुम्ही स्वतःच सांगितलंत?"

"वहीत होतं," आत्या म्हणाली.

ते काही वेळ यादी चाळत राहिले. अर्जावर त्यांनी दोन ओळी लिहिल्या. बदलीच्या व्यवहारांचा हिशेब पुन्हा तपासावा, तोपर्यंत दंड आणि जप्ती थांबवावी, रोख विक्रीचा कर चार हप्त्यांत घ्यावा. पहिला हप्ता त्याच दिवशी भरायचा होता. गृहस्थांना दिलेले पैसे गेले नसते तर तो पुरा भरता आला असता. आत्याने हातातल्या दोन सोन्याच्या बांगड्या काढल्या, मला बाहेर थांबवून सराफाकडे एकटीच गेली आणि, त्याने भाव कमी सांगितला म्हणून, हप्त्याला लागेल तेवढी एकच मोडून आली. दुसरी तिने पुन्हा हातात घातली.

पावती घेऊन आम्ही गल्लीत आलो तेव्हा दुकानाच्या पायरीवर सावलीला दोन बैलगाड्यांची माणसं पोती घेऊन बसली होती. त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "अक्का, कितला येळ व्हयना. आम्हले वाटनं दुकान बंद शे."

"बंद नही," आत्या म्हणाली आणि कुलूप काढलं.